हात थरथरतो म्हणून कॅमेरा सोडायचा? भोर-वेल्ह्यातले तीन दिवस

"मॅडम, राग मानू नका, पण तुम्हाला मोबाईलच बरा पडेल."

भाड्याने कॅमेरे देणाऱ्या दुकानातला माणूस हे म्हणाला ते माझ्या तोंडाकडे बघून नाही, माझ्या उजव्या हाताकडे बघून. काउंटरवरचा छोटा मिररलेस कॅमेरा उचलून मी डोळ्याला लावला होता आणि माझा हात नेहमीसारखा थरथरत होता.

"राग मानलाय," मी म्हटलं. "तीन दिवसांसाठी हाच द्या."

जे पहिल्यांदाच इथे आलेत त्यांच्यासाठी सांगते. माझ्या हाताला कंप आहे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही, हळूहळू वाढेल. कप धरताना, सही करताना आणि कॅमेरा उचलताना तो हमखास हजर असतो. माझा जुना कॅमेरा उत्तम आहे, पण मोठी लेन्स लावली की ते धूड धरून माझे हात दमतात, आणि हात दमले की नाचतात. म्हणून मला छोटा, हलका, आणि आतला सेन्सर स्वतःच हलून हाताची थरथर काही अंशी भरून काढतो असा कॅमेरा हवा होता.

आता मोबाईलचा विषय एकदाच संपवते. मोबाईलवर फोटो काढताना दोन्ही हात पुढे करून, हवेत अधांतरी धरावे लागतात. कंप असलेल्या माणसाला याहून वाईट पवित्रा नाही. कॅमेऱ्याला डोळा लावायची काच असेल, म्हणजे व्ह्यूफाइंडर, तर कॅमेरा कपाळाला टेकवता येतो, कोपरं बरगड्यांशी आवळता येतात आणि आपलं अख्खं शरीर त्याचा आधार होतं. हे मी नवऱ्याला, मुलीला, ऑफिसातल्या तिघांना आणि फोटोग्रुपमधल्या एका काकांना समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरीपण, आता कशाला?"

या "आता कशाला"चा मला वीट आला होता. म्हणून ठरवलं, विकत घ्यायच्या आधी भाड्याने घ्यायचा, आणि सपाट, सोप्या ठिकाणी नाही, चढउताराच्या मुलखात न्यायचा. भोर आणि वेल्हे.

श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. ताईला घेऊन जा."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद, शैलाताई. आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. गाडी त्यांचीच, चालवणार त्याच, आणि शेजारी बसलेल्याने रस्त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही हा नियमही त्यांचाच. कॅमेऱ्याला त्यांचा उघड विरोध होता. मला वाटलं, असू दे. निदान समोरासमोर तरी आहे.

शुक्रवारी सकाळी लवकर पुण्याहून निघालो. सातारा रस्त्यावर खेड शिवापूरचा टोल ओलांडेपर्यंत ट्रकांच्या रांगाच होत्या. तुम्ही जाणार असाल तर उजाडायच्या आत पुणं सोडा. कापूरहोळला हायवे सोडून उजवीकडे भोरच्या रस्त्याला लागलं की मात्र गाडीलाही हायसं वाटतं. भाटघर धरणाचं पाणी दिसल्यावर मी म्हटलं, "थांबू या?"

"आत्ताच तर निघालोय," असं म्हणत त्यांनी गाडी बाजूला घेतली.

पहिला धक्का इथेच बसला. ज्या हलकेपणासाठी मी हा कॅमेरा घेतला होता, तोच आडवा आला. जड कॅमेऱ्याला स्वतःचं वजन असतं, थोडीफार थरथर ते वजनच पचवतं. हा हातात पानासारखा हलत होता. बटणंही अशी नाजूक, की अंगठा जरा थरथरला तरी कुठलंतरी चाक फिरायचं आणि पाण्याचा फोटो एकदम काळाकुट्ट यायचा. शैलाताई बॉनेटला टेकून शेंगदाणे खात बघत होत्या.

भोरला बाजारपेठेतल्या एका लॉजवर खोली घेतली. स्वच्छ आहे, गरम पाणी सकाळीच येतं, गाडी मात्र रस्त्यावर लावावी लागते. दुपारी एसटी डेपोजवळच्या खानावळीत तांदळाची भाकरी, पिठलं आणि इंद्रायणीचा मऊ भात, दोघींचं मिळून पुण्यातल्या एका थाळीच्या पैशात झालं. संध्याकाळी उत्रोलीकडे फिरायला गेलो. भातं कधीच काढून झाली होती. रिकाम्या खाचरांत धसकटं उभी होती आणि एक गृहस्थ टेम्पोत पेंढा भरत होते.

"टीव्हीवाल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," शैलाताई म्हणाल्या, "हौशी आहेत."

"मग काढा की. पर जरा थांबा, टेम्पो भरू द्या पुरा. आर्धा काय दाखवायचा लोकास्नी!"

आम्ही थांबलो. टेम्पो पुरा भरला, दोर आवळले, मग ते चाकाशेजारी हात बांधून उभे राहिले. पाठीमागे ऊन कलत होतं. मी कोपरं आवळली, श्वास सोडला आणि एकामागून एक फोटो घेतले. त्यांतले दोन लख्ख आले. मी स्क्रीन शैलाताईंपुढे धरली.

"बाकीचे कसे आलेत?" त्यांनी विचारलं.

बाकीचे मी दाखवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत कापूरहोळ, हायवेने कामथडीवरून नसरापूर, आणि तिथून वेल्ह्याचा रस्ता. या तालुक्याचं नाव आता कागदोपत्री राजगड झालंय, पण चहाच्या टपरीवर आणि एसटीत अजून वेल्हेच चालतं. रस्ता बरा आहे, वळणं भरपूर. मार्गासनीत वडापाव खाल्ला, वेल्ह्यात पेट्रोल बघून घेतलं आणि केळदकडे निघालो. या पुढच्या टप्प्यात मोबाईलची रेंज येते-जाते, त्यामुळे घरी काय कळवायचं ते वेल्ह्यातच कळवून टाका. मढे घाटाच्या कड्यावर पोहोचलो तेव्हा खाली कोकण धुरकट दिसत होतं. पावसाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघी, वारा आणि एक कुत्रं.

परत येताना गाडी एका कडेला लावून डोंगराच्या सोंडेवर चढलो. वरून चांगला देखावा मिळेल असं मला वाटत होतं. वर धनगरांची चार-पाच घरं होती. माणूस दिसत नव्हतं. तेवढ्यात एका गोठ्यातून हाक आली.

"ओ बाई! हिकडं या की जरा! लवकर!"

हाक मारणारी सगुणाबाई, चाळिशीची, ओचा खोचलेला, कोपरापर्यंत हात भरलेले. गोठ्यात तिची म्हैस आडवी पडली होती. रेडकाचे पुढचे दोन पाय आणि नाकाचा शेंडा बाहेर आला होता आणि पुढे सरकत नव्हता. नवरा वेल्ह्याला गेलेला, शेजारपाजारचे गुरांमागे रानात.

"जनावराच्या डाक्टरला फोन लावलाय कवाचा. येतो म्हनला. पर हिला दम न्हाई ऱ्हायला," ती म्हणाली. "एकटीच्यानं वढंना मला."

शैलाताईंनी पर्स माझ्याकडे फेकली आणि बाह्या वर केल्या. मी पर्स खाली ठेवून पुढे झाले. रेडकाच्या पायांना बांधलेल्या दोरीला हात घातला, तोच शैलाताईंनी माझं मनगट बाजूला केलं.

"तू नको. तुझ्या हातून दोर निसटेल."

त्या खरंच बोलत होत्या. ओल्या, बुळबुळीत दोराला माझी पकड पुरली नसती आणि मध्येच निसटला असता तर वाईट झालं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी त्या गोठ्यात रिकाम्या हातांनी उभी राहिले आणि माझी कानशिलं तापली. ऑफिसात चहाचा ट्रे माझ्या हातातून काढून घेतात, लग्नात अक्षता वाटायला दुसऱ्या कुणाला तरी उठवतात, आणि आता हे. ठीक आहे, मी मनात म्हटलं. दोर नाही तर नाही.

मी गोठ्याच्या मेढीला, मधल्या लाकडी खांबाला, पाठ टेकवली, कॅमेरा कपाळाला दाबला आणि कोपरं बरगड्यांत रुतवली.

आत उजेड जेमतेम होता. कुडाच्या भिंतीतून येणारे पट्टे आणि दारातून येणारा थोडा. अशा उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि तेवढ्या वेळात माझा हात काय काय करतो ते मला माहीत होतं.

"आत्ता नको ओढू," शैलाताई ओरडल्या. "कळ येऊ दे तिला!"

"मला शिकिवताय व्हय! म्हशीची कळ मला कळती!"

"मग थांब की!"

"थांबलीयाच म्या! तुमीच वढताय!"

म्हशीने मान ताणली, पोटावरून लाट सरकली आणि दोघी एकदम मागे रेलल्या. मी श्वास सोडला आणि बटण दाबून धरलं. पुन्हा कळ, पुन्हा दोघी मागे. शैलाताईंचा चष्मा नाकावरून ओघळला होता, सगुणाबाईचा पाय शेणात घसरत होता. मला थरथर जाणवत होती, पण मी तिच्याकडे लक्ष द्यायला मोकळी नव्हते. मग डोकं आलं, खांदे आले आणि उरलेलं रेडकू भसकन दोघींच्या मांडीवर. ते हललं नाही. सगुणाबाईने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्याने अंग चोळलं, छातीवर चापट्या मारल्या. शैलाताई तोंडातल्या तोंडात "ए, ए, श्वास घे, श्वास घे" म्हणत होत्या. वॉर्डात असंच म्हणत असणार. त्याने शिंक दिली, कान झटकले, आणि शैलाताई शेणात बसकण मारून हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पारडी हाय!" सगुणाबाई म्हणाली, म्हणजे मादी. मग मला दरडावलं, "काय काढलंय दावा बरं."

मी दाखवलं. तिने स्क्रीनला नाक लावलं.

"आगाबाबा! माझं त्वांड बगा! म्हस व्यालीया का म्याच?"

जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले तेव्हा म्हैस पारडीला चाटत होती. त्यांनी तपासलं, एक इंजेक्शन दिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले. सगुणाबाईने शेळीच्या दुधाचा चहा टाकला. मी कॅमेरा अंगणातल्या बाजेवर ठेवून, घरामागच्या पाण्याच्या टाकीवर हातपाय धुवायला गेले. चहा झाल्यावर तिने आम्हाला फडक्यात नाचणीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा बांधून दिला आणि फोटो पाठवायचे म्हणून जावेच्या मुलाचा नंबर दिला.

मुक्कामाला वेल्ह्यात एका घरगुती खानावळीच्या वरची खोली मिळाली. आधी फोन करून सांगितलं तर जेवण मिळतं, अंथरूण-पांघरूण जाड आहे आणि थंडीत ते लागतंच. सूर्य तोरण्यामागे गेला होता. शैलाताई आंघोळीला गेल्या आणि मी गॅलरीत बसून दिवसभराचे फोटो बघायला घेतले.

खरं ते सांगते. गोठ्यातले बहुतेक फोटो हललेले होते. सेन्सरने जमेल तेवढं केलं होतं, माझा हात त्याच्या वरताण होता. पण चार फोटो असे होते, की मी ते कुठल्याही भिंतीवर लावीन. त्यांतल्या एकात दोर ताठ, दोघींची तोंडं वेडीवाकडी आणि मध्ये रेडकाचे मिटलेले डोळे.

त्यानंतर एक व्हिडिओ होता. मी तो काढलाच नव्हता. बाजेवर ठेवताना व्हिडिओचं लाल बटण दाबलं गेलं असणार. चित्रात नुसता छपराचा कोपरा आणि मधूनच जाणारी कोंबडी. आवाज मात्र स्वच्छ.

"त्यांचा हात असा का वो करतोय? थंडीनं?" सगुणाबाई विचारत होती.

"थंडीने नाही गं. आजार आहे तो. वाढत जाणार," शैलाताईंचा आवाज. "आणि आता हा कॅमेरा घ्यायचं मनात घेतलंय. माझ्या भावाने मला मुद्दाम पाठवलंय हिच्याबरोबर, समजूत घालून आण म्हणून."

"पैक्यासाठी व्हय?"

"पैसे गेले खड्ड्यात. उद्या तो तिच्याच्याने धरवला नाही आणि कपाटात ठेवावा लागला, तर तिचं ते तोंड बघवणार नाही आम्हाला. म्हणून नको म्हणते."

कोंबडी परत चित्रात आली.

"माझ्या सासूला दिसंना झालं व्हतं," सगुणाबाई म्हणाली. "तरी शेळ्या घिऊन जायाची. लई भांडलो आमी. न्हाई आयकली."

"मग?"

"मग काय, पडली. पाय मोडला."

"बघ!"

"बरा झाला, आन् परत गेली. चा घ्या, गार व्हतोय."

मी तो व्हिडिओ परत ऐकला. शैलाताई केस पुसत गॅलरीत आल्या, तेव्हा तिसऱ्यांदा त्यांच्यासमोर लावला. त्या उभ्याच राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "ऐकलंस तर ऐकलंस. खोटं काही बोलले नाही मी."

"तुम्ही माझ्याबरोबर फिरायला नाही, माझी समजूत घालायला आलात."

"श्रीकांतला काळजी वाटते."

"काळजी वाटते तर मला विचारायचं. तुम्ही दोघांनी मिळून माझा निकाल लावून टाकलात." माझा आवाज चढला होता, खालच्या खानावळीत ऐकू जात असणार. "शैलाताई, ज्या दिवशी तो कपाटात ठेवावा लागेल त्या दिवशी मी ठेवीन. रडेनसुद्धा. पण ते माझं रडणं आहे. तुम्हाला बघवणार नाही म्हणून मी आजपासूनच हात बांधून बसू का?"

"चिडू नकोस. कंप वाढतो चिडल्यावर."

"वाढू दे!"

त्या आत गेल्या. जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलल्या नाहीत. मीही नाही. मला वाईट वाटत होतं, पण शब्द परत घ्यावेसे वाटत नव्हते. पहिल्यांदाच कुणाला तरी मी ते पूर्ण बोलले होते.

सकाळी मला जाग आली ती पांघरूण ओढल्यामुळे.

"ऊठ," शैलाताई स्वेटर घालून उभ्या होत्या. "तोरण्यावर ऊन येतंय. नंतर म्हणशील उठवलं नाही."

आम्ही गावाबाहेर शेताच्या बांधापर्यंत चालत गेलो. किल्ल्याचा माथा आधी तांबूस झाला आणि ऊन कड्यावरून सावकाश खाली सरकत आलं. मी फोटो काढत होते आणि शैलाताई बांधावर बसून नाचणीची भाकरी चावत होत्या. पाठीला पाठ लावू का, आधार देऊ का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर नसरापूर फाट्याजवळ चहाला थांबलो, तेव्हा त्यांचा फोन वाजला. श्रीकांत होता. मी दोन हात अंतरावर होते आणि त्यांनी आवाज कमी करायची तसदी घेतली नाही.

"नाही, नाही झाली समजूत. ...तूच बोल तिच्याशी. तुझी बायको आहे. ...मी? माझं मत तेच आहे. पण ते तिला नकोय, तर मी काय करू?"

फोन ठेवून मला म्हणाल्या, "मला अजूनही पटलेलं नाही."

"मला माहितेय."

"ते दोन चहाचे पैसे दे."

कॅमेरा दुकानात परत केला. त्या माणसाने विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "हा नको. फार हलका आहे आणि बटणं फार बारीक. याच्यापेक्षा थोडा वजनदार दाखवा, पकड भरीव, व्ह्यूफाइंडर मोठा. आणि हे व्हिडिओचं बटण बंद करता येईल असा." त्याने चार काढले. मी एकेक कपाळाला लावून पाहिला. या वेळी तो मोबाईलबद्दल काही बोलला नाही.

ज्यांच्या हाताला कंप आहे आणि जे असाच हिशोब करतायत, त्यांच्यासाठी माझं उत्तर हे. कॅमेरा तुमचा हात बरा करणार नाही. दहातले आठ फोटो जातील. लहान म्हणजे सोयीचा असं समजू नका, हातात भरतो तो घ्या. भाड्याने नेऊन अवघड जागी वापरून बघा. आणि "आता कशाला" विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला बांधील राहू नका. या लेखाखाली काही जण मोबाईलच पुरे असं लिहितील. लिहा, मी वाचीन.

सगुणाबाईच्या पुतण्याला फोटो पाठवले. त्याने पारडीचा ताजा फोटो उलट पाठवला, उड्या मारतेय.

नव्या कॅमेऱ्याचं खोकं घरी आलं त्या संध्याकाळी श्रीकांत समोर बसला होता. आमचं बोलणं झालं होतं, भांडणही झालं होतं, आणि ते पूर्ण संपलं होतं असं नाही. मी कॅमेरा बाहेर काढला, बॅटरी घातली आणि गळ्यात अडकवायचा पट्टा ओवायला घेतला. पट्ट्याचं टोक चपटं आणि कॅमेऱ्याची कडी नखाएवढी. कंप असलेल्या हाताला याच्याइतकं अवघड काम शोधून सापडणार नाही. टोक कडीजवळ जायचं आणि बाजूला सरकायचं. श्रीकांतचा हात पुढे आला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो मागे गेला. त्याने चहा केला, आणून ठेवला, परत बसला. मी कोपरं टेबलावर रोवली, श्वास सोडला, टोक कडीत घातलं, ते निसटलं, पुन्हा घातलं. चहावर साय धरली. मग एकदा ते पलीकडे निघालं. मी ते दातांनी धरून ओढलं, बकलात अडकवलं आणि खेचून पाहिलं. पक्कं होतं.

"झालं?" त्याने हळूच विचारलं.

"एक बाजू झाली," मी म्हटलं आणि पट्ट्याचं दुसरं टोक हातात घेतलं.